सत्तर गोळ्यांची गोष्ट

ऑपरेशन झालं, किमो झाली, शेक झाले. कॅन्सरच्या उपचारांतले हे सगळे टप्पे अख्खं घर मिळून पार पाडतं. मग हातात येते रोजची एक साधी गोळी. ती मात्र बाईनं एकटीनं, आठवणीनं, वर्षानुवर्षं घ्यायची असते. तिथंच पाऊल अडखळतं...

२०२४ च्या नवरात्रातली गोष्ट. कागल तालुक्यातल्या आमच्या गावाहून वहिनी अंबाबाईच्या दर्शनाला म्हणून चार दिवस माझ्याकडे कोल्हापूरला आली होती. ललिता पंचमीला टेंबलाईच्या यात्रेला निघायची आमची गडबड चाललेली. "वन्सं, माझ्या पिशवीतली सेफ्टी पिन द्या की," असं वहिनी म्हणाली. मी पिशवीत हात घातला. कुंकवाच्या डबीखाली रबर लावलेला एक गठ्ठा लागला. बघते तर गोळ्यांची पाकिटं. सात. एकाही पाकिटाला हात लागलेला नव्हता.

या गोळ्या मला पाठ होत्या. टॅमॉक्सिफेन, २० मिलीग्रॅम, रोज एक. २०२२ मध्ये वहिनीच्या छातीत गाठ निघाली, तेव्हा ती सेहेचाळीस वर्षांची होती. ऑपरेशन, किमो, शेक असं सगळं करून २०२३ च्या सुरुवातीला तिला ही गोळी सुरू झाली. "निदान पाच वर्षं. मध्ये खंड पाडायचा नाही," असं डॉक्टरांनी सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. दादा दर तीन महिन्यांनी शहरात येऊन गोळ्या घेऊन जायचा. त्या वेळेवर येत होत्या म्हणजे वेळेवर पोटात जात होत्या, असं आम्ही सगळ्यांनीच धरून चाललो होतो!

दहाचं एक पाकीट, अशी सात पाकिटं. गेल्या चार महिन्यांत आणलेल्या एकशेवीस गोळ्यांपैकी सत्तर तशाच होत्या.

मला काय झालं कोण जाणे, मी तिला फाडफाड बोलले. "एवढा पैसा घातला, दादानं उसाचं बिल मोडलं, पोरांनी रात्री जागवल्या, आणि तुम्ही गोळ्या पिशवीत घालून ठेवता?" वहिनी एक अक्षर बोलली नाही. पिन लावली आणि निघाली. टेंबलाईची टेकडी चढून उतरून आलो तरी ती गप्पच होती.

आज मागं वळून बघताना वाटतं, त्या दिवशी चूक दोघींची झाली. पण माझी मोठी.

रताळी सोलता सोलता

संध्याकाळी उपवासाची रताळी सोलायला आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो. मी आवाज खाली आणला. "वहिनी, रागावणार नाही. पण गोळी का नको वाटते तेवढं सांगा."

बराच वेळ गेला. मग म्हणाली, "आवो वन्सं, गोळी गरम पडतीया. अंगातनं नुसता जाळ निघतोय. रातचं दोन-दोनदा उठून पातळ बदलायला लागतंय. ह्यास्नी काय सांगू? पोरगा खोलीत अभ्यासाला बसलेला."

एकदा बोलायला लागल्यावर एकेक निघत गेलं. गावातल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं की या गोळीनं पिशवीचा कॅन्सर होतो. मनात भीती बसली, पण विचारायचं कुणाला? तपासणीला गेलं की डॉक्टरांच्या खोलीत दादा बरोबर, मागं ही रांग. 'अंगावरून पांढरं जातंय' हे नवऱ्यासमोर आणि परक्या पुरुष डॉक्टरसमोर कसं बोलायचं? सोमवार, एकादशी, संकष्टी असे उपवास होतेच. रिकाम्या पोटी गोळी नको म्हणून त्या दिवशी गोळीलाही सुट्टी. शिवाय लेकीला स्थळं बघायला सुरुवात झाली होती. पाहुण्यांच्या नजरेला औषधं पडू नयेत म्हणून शेल्फवरची पाकिटं पिशवीत गेली आणि नजरेआड झाली ती झालीच. आणि सगळ्यात शेवटी म्हणाली, "गाठ तर काढून टाकली न्हवं? मग आता गोळी कशाला? दुखत तर कायच न्हाई."

मैत्रिणींनो, यातलं एक तरी कारण आळसाचं आहे का? निष्काळजीपणाचं आहे का? प्रत्येक कारण खरं होतं, आणि प्रत्येकाला उत्तरही होतं. फक्त ते कुणी विचारलं नव्हतं.

गोळी करते काय?

दसऱ्यानंतर मी वहिनीला घेऊन डॉक्टरांकडे गेले. या वेळी दादाला बाहेर बाकावर बसवलं. सात पाकिटंही बरोबर नेली. मला वाटलं डॉक्टर चिडतील. ते चिडले नाहीत. "बरं झालं आणलीत. पुष्कळजणी सांगतच नाहीत," म्हणाले आणि नीट समजावून सांगितलं.

स्तनाच्या कॅन्सरच्या बऱ्याच गाठी अंगातल्या इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनवर पोसतात. ऑपरेशननं गाठ जाते, पण डोळ्याला न दिसणाऱ्या काही पेशी कुठंतरी दडून राहिलेल्या असू शकतात. शेतातलं तण उपटलं तरी बी मातीत राहतं, तसंच. टॅमॉक्सिफेन त्या पेशींना इस्ट्रोजेन मिळू देत नाही. म्हणजे गोळी दुखण्यावर नाहीच, ती दुखणं परत येऊ नये म्हणून आहे. त्यामुळं घेतली तरी काही जाणवत नाही आणि चुकवली तरी काही जाणवत नाही. फसगत होते ती इथंच.

नंतर मी यावर बरंच वाचलं. जगभरातल्या वीस चाचण्यांची माहिती एकत्र करून २०११ मध्ये छापलेल्या अभ्यासात दिसलं की, हार्मोनवर पोसणाऱ्या प्रकारात पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलेल्या बायकांमध्ये पुढच्या पंधरा वर्षांत या कॅन्सरनं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले. २०१३ मधल्या 'अ‍ॅटलास' नावाच्या मोठ्या चाचणीनं तर काहीजणींना पाचाऐवजी दहा वर्षं गोळी घेतल्यानं आणखी फायदा होतो, असं दाखवलं. कुणी किती वर्षं घ्यायची ते अर्थातच डॉक्टर ठरवतात.

वहिनीच्या पिशवीच्या भीतीलाही उत्तर मिळालं. या गोळीनं गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो हे खरं, विशेषतः पाळी गेलेल्या बायकांमध्ये. पण बहुतेकींच्या बाबतीत गोळीचा फायदा त्या धोक्याहून कितीतरी मोठा असतो. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, पाळी नसताना मध्येच रक्त गेलं, किंवा एकाच पायाला सूज येऊन तो दुखायला लागला, तर वाट न बघता दाखवायचं. अंगातल्या जाळावरही औषध असतं. मात्र ते आपल्या मनानं घ्यायचं नाही. झोपेच्या किंवा मन उदास असल्याच्या म्हणून दिलेल्या काही गोळ्या, उदाहरणार्थ पॅरोक्सेटीन, टॅमॉक्सिफेनचं काम अडवतात. म्हणून घरात चालू असलेलं प्रत्येक औषध, काढा, जडीबुटी डॉक्टरांसमोर मांडायची.

एकटी वहिनीच नव्हे

त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर दोन तास काढले. पुढंही वहिनीबरोबर जात राहिले. बाकावर बसलं की माणसं बोलतात.

आतड्याच्या कॅन्सरसाठी कॅपेसिटाबिन घेणाऱ्या एक मावशी भेटल्या. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ गोळ्या, मग एक आठवडा सुट्टी असा त्यांचा हिशोब. सुट्टीचा आठवडा संपला कधी हेच त्यांना कळलं नाही आणि बारा दिवस तसेच गेले. दुसऱ्या एका काकूंचं उलटं. हातापायाची कातडी सोलून निघाली, भाकरी थापता येईना, तोंड आलं, जुलाब लागले. तरी "डॉक्टरांनी खंड पाडू नका म्हटलंय" म्हणून त्या दात-ओठ खाऊन गोळ्या घेतच राहिल्या! हेही चुकीचंच. सांगितल्याप्रमाणे घेणं म्हणजे त्रास झाला की लगेच कळवणं आणि डॉक्टर थांबा म्हणाले की थांबणंसुद्धा. ते कधी मात्रा कमी करतात, कधी चार दिवस विश्रांती देतात. ते आपण ठरवायचं नाही, इतकंच.

रक्ताच्या एका कॅन्सरवर, सीएमएलवर, इमॅटिनिब घेणारे एक गृहस्थ भेटले. तब्येत अगदी ठणठणीत. "बरं वाटतंय म्हणून आठवड्यातनं एखादी सोडतो," म्हणाले. या औषधाची कथा आपल्या देशाला ठाऊक असावी अशी आहे. 'ग्लिवेक' नावानं ते येत होतं तेव्हा महिन्याचा खर्च लाखाच्या पुढं जायचा. भारतीय कंपन्यांची तीच गोळी त्याच्या दहाव्या हिश्श्याइतक्या खर्चात मिळू लागली आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ग्लिवेकचं पेटंट नाकारलं. म्हणून आज ती गोळी सामान्य घरात पोचते. पण घरात पोचली म्हणजे पोटात गेली, असं नाही ना!

लंडनमधल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये याच औषधाचा एक अभ्यास छापला. सत्त्याऐंशी रुग्णांच्या औषधाच्या बाटलीच्या झाकणात छोटी चिप बसवली होती. झाकण कधी उघडलं याची ती नोंद ठेवायची. नव्वद टक्क्यांहून जास्त गोळ्या घेणाऱ्यांमध्ये रोग चांगला आटोक्यात येण्याचं प्रमाण ९४ टक्क्यांच्या वर होतं. त्याहून कमी घेणाऱ्यांमध्ये ते २८ टक्क्यांवर आलं. नव्वद टक्के म्हणजे किती? महिन्यातल्या तीन गोळ्या चुकल्या की आपण त्या रेषेवर आलो. 'एखादी सोडतो' म्हणणाऱ्या त्या गृहस्थांना मी हे सांगितलं, तेव्हा ते बोटांवर मोजत बसले.

आणि हे फक्त आपल्याकडच्या अडाणीपणाचं आहे असंही समजू नका. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या साडेआठ हजारांहून जास्त बायकांच्या नोंदी तपासून २०१० मध्ये जो अभ्यास आला, त्यात स्तनाच्या कॅन्सरनंतरची हार्मोनची गोळी पूर्ण काळ, ठरल्याप्रमाणे घेणाऱ्या बायका निघाल्या ४९ टक्के. म्हणजे निम्म्याही नाहीत! शिकलेल्या, विमा असलेल्या, गाडीतून दवाखान्यात जाणाऱ्या बायकांचं हे आहे. मग शेतातून येऊन, धारा काढून, भाकऱ्या थापणाऱ्या माझ्या वहिनीला मी काय म्हणून बोलले?

दूध बिल आणि पाकीट

गोळी लक्षात ठेवायला मोबाइलचा गजर लावा, असं सगळेच सांगतात. आम्हीही लावला. पण वहिनीचा मोबाइल पोराच्या हातात नाहीतर चार्जिंगला! तीन दिवसांत तो उपाय बारगळला.

मग तिचीच युक्ती कामाला आली. वहिनीच्या घरी दोन म्हशी आहेत. संध्याकाळी धार काढून दूध डेअरीला घालायचं, यात वर्षानुवर्षं एक दिवस चुकलेला नाही. पाऊस असो, घरात लग्न असो. "मग डेअरीतनं आलं की किटली पालथी घालायची आणि गोळी घ्यायची," ती म्हणाली. गोळी सकाळऐवजी संध्याकाळी घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारून घेतलं. रोज एकच वेळ ठेवा म्हणाले.

पुढची गंमत तर आम्हाला नंतर सुचली. दूध संस्थेचं बिल दर दहा दिवसांनी येतं आणि पाकिटात गोळ्याही दहाच! बिल हातात आलं की पाकीट रिकामं झालेलं पाहिजे. एकतीसच्या महिन्यात एक दिवस पुढं-मागं, एवढंच. आता दादा बिलाचे पैसे आणून देतो आणि रिकामं पाकीट बघतो. 'घेतलीस का?' असं रोज विचारून तिचं डोकं खायची गरज उरली नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाच्या खुणेशेजारी वहिनी आणखी एक टिंब काढते. पाहुण्यांना ते टिंब कशाचं ते कळत नाही, त्यामुळं लपवायचंही काही राहिलं नाही.

तुमच्या घरी म्हशी नसतील. पण न चुकणारं एखादं काम प्रत्येक बाईला असतंच. देवापुढचा दिवा, रात्रीचं दुधाचं विरजण, नळाला पाणी येण्याची वेळ. गोळी त्या कामाच्या शेपटाला बांधायची. मात्र आधी गोळी जेवणाआधीची की नंतरची हे विचारून घ्यायचं. कॅपेसिटाबिन जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायची असते. इमॅटिनिब जेवणाबरोबर आणि मोठा पेलाभर पाण्यासोबत. प्रोस्टेटच्या कॅन्सरवरची अ‍ॅबिराटेरॉन नेहमीच्या प्रकारात उपाशीपोटीच. टॅमॉक्सिफेनला जेवणाचं बंधन नाही. म्हणजे वहिनीची उपवासाची अडचण मुळात अडचणच नव्हती! औषध घेतल्यानं उपवास मोडत नाही असं आपल्या आज्याच सांगत आल्या. जेवणानंतरची गोळी असेल तर वरीचा भात, रताळं हेही जेवणच. पाण्याचा थेंबही न घेता करायचे कडक उपवास मात्र उपचार चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

पुराचं आणि प्रवासाचं

कोल्हापूरकरांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चा पूर आपण कुणीच विसरलेलो नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. महामार्ग बंद, गावांना वेढा, दुकानांत पाणी. अशा वेळी संपत आलेलं पाकीट म्हणजे घोरच. म्हणून आम्ही आता जूनच्या पहिल्या आठवड्यात महिनाभराच्या जादा गोळ्या आणून ठेवतो. प्लास्टिकच्या पिशवीत गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणि फाइलची झेरॉक्स. घर सोडायची वेळ आली तर दागिन्यांच्या डब्याबरोबर ही पिशवी उचलायची.

आपल्याकडचे पुष्कळ रुग्ण महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला, परळच्या टाटा हॉस्पिटलला जातात. त्यांनी गोळ्या सामानाच्या बॅगेत न टाकता अंगाजवळच्या पिशवीत ठेवाव्यात. टाटामध्ये रुग्णांना वाट दाखवणारी माणसं तयार करण्यासाठी 'केवट' नावाचा अभ्यासक्रम सुरू झाला आहे. रामाला नदीपार नेणाऱ्या नावाड्याचं नाव! असं कुणी भेटलं तर लाजू नका, गोळीच्या शंका सरळ विचारा.

पैशाची अडचण असेल तर तीही सांगावी. गुपचूप एक दिवसाआड गोळी घेऊन पाकीट पुरवणाऱ्या बायका मी बघितल्यात. तेवढे पैसे वाचतात, पण उपचार वाया जातो. तीच गोळी स्वस्त कंपनीची मिळते का, जनऔषधी केंद्रात आहे का, हे डॉक्टरांना विचारता येतं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपलं औषध बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणारे आरोग्यमित्र सांगतात.

विचारायचं कसं?

घरातल्या माणसांना एकच सांगणं. 'गोळी घेतलीस का?' या प्रश्नाला 'हो' एवढंच उत्तर असतं, खरं असो वा खोटं. वहिनी दीड वर्ष 'हो'च म्हणत होती. त्याऐवजी 'या आठवड्यात किती राहिल्या?' किंवा 'गोळीचा काय त्रास होतो?' असं विचारून बघा. राहतात हे गृहीत धरूनच विचारलं की माणूस खरं बोलतं. आणि खरं बोलल्यावर रागवायचं नाही. तसं झालं तर पुढच्या वेळी पाकिटं आणखी खोल पिशवीत जातील.

वहिनीच्या राहिलेल्या त्या सत्तर गोळ्यांचं पुढं काय होईल, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. "गेलेले दिवस परत आणता येत नाहीत. आजपासून सुरू करा," एवढंच ते म्हणाले. त्यानंतरच्या तपासण्या आजवर ठीक आल्या आहेत. दर तपासणीच्या आदल्या रात्री मात्र आम्हा दोघींना झोप लागत नाही.

२०२५ च्या नवरात्रात वहिनी पुन्हा आली. संध्याकाळी दिवे लागले तशी उठली आणि पाण्याचा तांब्या घेतला. इथं म्हशी नाहीत की डेअरी नाही, तरी वेळ अंगात मुरलेली. मी विचारलं, "वहिनी, आज जाळ हाय का?"

"हाय की थोडा," ती म्हणाली. "पर आता तुमास्नी सांगता येतोय न्हवं!"

हे लक्षात असू द्या

• गोळी कधी, किती, जेवणाआधी की नंतर, आणि चुकली तर काय करायचं, हे चार प्रश्न विचारून उत्तर कागदावर मराठीत लिहून घ्या.

• राहिलेली गोळी भरून काढायला दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

• काही गोळ्या रोजच्या नसतात. तोंडाच्या कॅन्सरमध्ये कधी कधी देतात ती मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असते. ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. वार मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

• किमोच्या गोळ्या खलबत्त्यात कुटू नका, चावू नका, मोडू नका. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना सांगा. घरात कुणी गरोदर असेल तर तिनं या गोळ्यांना हात लावू नये.

• किमोच्या गोळ्या त्यांच्याच पाकिटात, बीपी-शुगरच्या गोळ्यांपासून वेगळ्या आणि मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा.

• ताप, सतत जुलाब, तोंड येणं, धाप, अंगावर रक्त जाणं, यांपैकी काही झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता कळवा.

• तपासणीला जाताना उरलेली पाकिटं बरोबर न्या. आणि डॉक्टरांशी दोन मिनिटं एकटीनं बोलायचं असेल, तर तसं सांगायला संकोच करू नका.